पायाखालचा रंग

[पडद्यावर: बंद कंट्रोल पॅनल. किल्ली फिरते, दार उघडतं.]

पॅनलचं दार उघडलं की नजर आधी लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे जाते, मग महागड्या कार्डांकडे. तळाशी एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या टर्मिनलांकडे सहसा कुणी बघत नाही. करड्या रंगाची, एकसारखी. कधी पन्नास, कधी तीनशे. प्रत्येकाच्या कपाळावर एक नंबर. मधेच एखादं निळं, ते न्यूट्रलचं. मधेच हिरवं-पिवळं, ते अर्थिंगचं. बाहेरून आलेली वायर इथे संपते आणि आतली वायर इथून सुरू होते.

याच रांगेत काही टर्मिनलांना तांदळाच्या दाण्याएवढी खिडकी असते. खिडकीत हिरवा रंग. म्हणजे आतलं सर्ज प्रोटेक्शन, वायरीतून अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारी व्यवस्था, शाबूत आहे.

[पडद्यावर: जळलेलं कार्ड, जवळून.]

विजांच्या एका रात्रीनंतर मी असंच एक पॅनल उघडलं होतं. आठ चॅनलचं ॲनालॉग इनपुट कार्ड, म्हणजे बाहेरच्या सेन्सरांचे सिग्नल आत घेणारं, काळं पडलेलं, आणि तो वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. कार्डाच्या बरोबर खाली सर्ज प्रोटेक्शनची आठ टर्मिनलं. आठही खिडक्या हिरव्यागार. राखणदार ठणठणीत आणि घर लुटलेलं! हे कसं झालं ते सांगतो, पण त्याआधी टर्मिनलच्या पोटात शिरावं लागेल.

[पडद्यावर: उभं कापलेलं साधं टर्मिनल.]

साधं टर्मिनल म्हणजे प्लास्टिकच्या घरात बसवलेली धातूची पट्टी आणि तिच्या दोन टोकांना वायर धरून ठेवणारे दोन पंजे. बस्स. एकेक टर्मिनल सुटं असावं, हवी तेवढी शेजारी शेजारी लावता यावीत, ही कल्पना आज इतकी साधी वाटते की ती कुणाला तरी सुचावी लागली असेल हेच पटत नाही. जर्मनीतल्या एसेन शहरात 1928 मध्ये फिनिक्स या कंपनीने आरडब्ल्यूई या वीज कंपनीबरोबर काम करून असं सुटं टर्मिनल बनवलं. आज ती बसतात 35 मिलिमीटर रुंदीच्या पत्र्याच्या रेलवर, जिला सगळे डिन रेल म्हणतात.

वायर धरायची कशी, यावर मात्र दोन तट आहेत. एक स्क्रूवाल्यांचा, दुसरा स्प्रिंगवाल्यांचा. 1951 मध्ये सुरू झालेली वागो ही कंपनी दुसऱ्या तटाची. स्प्रिंगचं म्हणणं असं की कंप झाला, ऊन-थंडी झाली तरी माझा दाब तोच राहतो. स्क्रूचं म्हणणं, मला नीट आवळा म्हणजे झालं. आता ‘नीट’ म्हणजे किती? एम-तीनच्या, म्हणजे तीन मिलिमीटरच्या, स्क्रूला साधारण अर्धा न्यूटन मीटर. मनगटाच्या हिशेबाने हे फारच थोडं आहे. आणि म्हणूनच निम्मे लोक स्क्रूचे आटे मोडतात आणि उरलेले स्क्रू ढिला ठेवतात. बहुतारी वायरच्या टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, चढवून ती दाबून घट्ट बसवायची असते, म्हणजेच क्रिंप करायची असते. काही जण त्याऐवजी टोकाला सोल्डर लावतात. दिसायला ते छान दिसतं, पण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि सहा महिन्यांनी तोच स्क्रू बोटाने हलतो.

[पडद्यावर: काळं आकाश. मग एकदम शांत, बंद खोली. एका काँटॅक्टरचा ‘खट्’ आवाज.]

आता सर्ज. मराठीत आकाशातल्या आणि वायरीतल्या दोघींनाही आपण वीजच म्हणतो. कार्डाला मात्र त्यांतला फरक नीट कळतो. वायरीवर थेट पडायचीही गरज नसते. काही अंतरावर पडली तरी जमिनीत आणि हवेत जी उलथापालथ होते, ती लांबलचक केबलमध्ये हजारो व्होल्ट उभे करायला पुरते. पण सगळा दोष आभाळाला देऊ नका. काँटॅक्टर म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा मोठा स्विच. त्याची कॉइल बंद केली की तिच्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला बघते. 24 व्होल्टची साधी कॉइल, पण त्या क्षणी ती काही शे व्होल्टचा फटकारा मारते. असे फटके पॅनलच्या आतच, दिवसभर, कुणाला न सांगता बसत असतात.

या फटक्याला अडवत बसायचं नसतं, त्याला वाट काढून द्यायची असते. सर्ज प्रोटेक्शनवालं टर्मिनल एवढंच करतं. एरवी ते नुसतं बघत बसतं, जणू तिथे नाहीच. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की अर्थकडचं दार उघडतं, लोंढा गेला की दार लावून पुन्हा गप्प.

[पडद्यावर: उघडलेलं सर्ज टर्मिनल, भिंगाखाली. काडीचं टोक एकेका भागावर जातं.]

हे बघा. हा शेंगदाण्याएवढा चकचकीत डबा म्हणजे गॅस ट्यूब. आत निष्क्रिय वायू आणि दोन इलेक्ट्रोड. व्होल्टेज वाढलं की आत ठिणगी पडते आणि ट्यूब हजारो अँपिअर गिळते. ताकद अफाट, पण उठायला आळशी. ती जागी होईपर्यंत कार्डाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पलीकडच्या टोकाला हा काळा चौकोनी ठिपका, सिलिकॉनचा डायोड. हा जवळजवळ तत्काळ धावतो, पण जीव लहान. मोठा सर्ज एकट्याच्या अंगावर आला तर हा संपलाच.

मग या दोघांना एकत्र कसं नांदवायचं? उत्तर मधोमध आहे. काही ओहमचा हा क्षुल्लक रेझिस्टर. मला विचाराल तर या सगळ्या टर्मिनलमधली सगळ्यात सुंदर वस्तू हीच. सर्ज आला की आधी डायोड धावतो. त्याच्यातून करंट वाहायला लागला की तो करंट रेझिस्टरमधूनही जातो, आणि रेझिस्टरवर व्होल्टेज चढत जातं. डायोडवरचं अधिक रेझिस्टरवरचं, अशी बेरीज ट्यूबच्या वाट्याला येते. बेरीज पुरेशी झाली की ट्यूब पेटते, आणि पेटल्यावर तिच्यावर उरतात जेमतेम दहा-वीस व्होल्ट. लोंढा तिकडे वळतो, डायोड मोकळा होतो. ना प्रोसेसर, ना प्रोग्रॅम. धाकट्याने हाक मारून थोरल्याला उठवायचं, एवढीच व्यवस्था, आणि ती सहा मिलिमीटर रुंदीत बसते.

यातून एक गोष्ट आपोआप निघते: या टर्मिनलला पुढची आणि मागची बाजू असते. ट्यूब बाहेरच्या केबलकडे, डायोड कार्डाकडे. अंगावर बाण छापलेला असतो किंवा कुठली बाजू कुणाची ते लिहिलेलं असतं. उलटं जोडलं तरी सिग्नल व्यवस्थित येतो, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. सर्जच्या लक्षात येते.

पॉवरच्या लाइनवर नुसती गॅस ट्यूब चालत नाही, कारण एकदा पेटली की मागचा सप्लाय तिला विझूच देत नाही. तिथे व्हॅरिस्टर लागतो. झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांची भाजलेली चकती. जपानच्या मात्सुशिता कंपनीत 1960च्या दशकाच्या अखेरीला ती आकाराला आली. दोन कणांमधल्या प्रत्येक सीमेवर साधारण तीन व्होल्ट अडतात. जाड चकती, जास्त सीमा, जास्त व्होल्ट. इतका सरळ हिशेब. फक्त प्रत्येक फटक्यागणिक चकती थोडी थोडी म्हातारी होते, तिच्यातून करंट झिरपू लागतो, ती तापते. फार तापली तर कमी तापमानाला वितळणारा एक टाका सुटतो, स्प्रिंग चकतीला सर्किटमधून सोडवते आणि खिडकीतला हिरवा जाऊन लाल येतो. प्लग-इन प्रकारात मग फक्त वरचं मॉड्यूल उपटून नवं खोचायचं. खालच्या बेसमधल्या वायरींना हातसुद्धा लावायचा नाही.

केबलचं इन्सुलेशन तपासणारा मेगर लावण्याआधीही ही मॉड्यूलं काढून ठेवावी लागतात. 500 व्होल्टचा मेगर त्यांना सर्जच वाटतो. ती आपलं काम करतात, इन्सुलेशन खराब असल्याचं रीडिंग येतं, आणि चांगल्या केबली बदलल्या जातात.

[पडद्यावर: टर्मिनलपासून अर्थ बारपर्यंत जाणारी गुंडाळलेली लांब वायर.]

आता ज्यावर कुणी खर्च करत नाही त्या गोष्टीकडे. वायरीची लांबी. जास्तीची वायर कापायला जीव होत नाही, म्हणून वेटोळं करून टाय लावतात. टापटीप दिसतं. पण एक मीटर सरळ वायरीत साधारण एक मायक्रोहेन्रीचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, असतं. चाचणीला वापरतात तो प्रमाण सर्ज आठ मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. शिखर 10 किलोअँपिअरचं असेल, तर त्या एका मीटरवर सुमारे 1250 व्होल्ट उभे राहतात. प्रोटेक्टरने व्होल्टेज 1500 वर रोखलं, असं धरू. पुढच्या यंत्रापर्यंत पोचले 2750. आणि 230 व्होल्टवर चालणारं नेहमीचं यंत्र सहन करतं 2500. म्हणजे प्रोटेक्टर उत्तम, जोडणी पक्की, आणि तरीही यंत्र गेलं. म्हणूनच येणारी आणि अर्थकडे जाणारी वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा असं सांगतात. वेटोळं तर सरळ वायरीपेक्षाही वाईट.

दुसरं, बाहेरून आलेली मळकी वायर आणि प्रोटेक्टरमधून निघालेली स्वच्छ वायर एकाच डक्टमध्ये, म्हणजे वायरींच्या पन्हळीत, शेजारी शेजारी टाकू नये. जे दारात अडवलं ते भिंतीवरून उडी मारून आत येतं.

[पडद्यावर: पुन्हा ते पॅनल. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टर्मिनल रेलवरून उचललं जातं. खाली करडा रंग.]

तर त्या हिरव्या खिडक्या. सिग्नलच्या सर्ज टर्मिनलला बहुतेक वेळा अर्थची वेगळी वायर नसते. त्याच्या तळाशी धातूचा पाय असतो, तो रेलला चावतो, आणि रेल म्हणजेच अर्थ. या पॅनलला नवा रंग देताना कुणीतरी टर्मिनलं उतरवली, रेलसकट सगळ्यावर रंगाचा फवारा मारला आणि टर्मिनलं परत जागच्या जागी बसवली. काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

मल्टिमीटरची एक पिन पायाला आणि दुसरी अर्थ बारला लावली. मीटर गप्प. रंगातून करंट जातच नव्हता. म्हणजे त्या रात्री डायोडांनी दोन वायरींमधलं व्होल्टेज इमानाने सांभाळलं, पण दोन्ही वायरी मिळून जमिनीच्या तुलनेत कुठल्या कुठे गेल्या आणि त्यांना खाली उतरायला वाटच नव्हती. वाट मग कार्डातून निघाली. खिडकी फक्त आतल्या भागांची तब्येत सांगते. पायाखाली काय आहे, हे तिला दिसत नाही.

[पडद्यावर: पातं रेलवरून फिरतं. रंगाचे पापुद्रे डक्टच्या झाकणावर पडतात.]

रंग खरवडायला वीस मिनिटं लागली. रेलच्या टोकाला एक हिरवं-पिवळं टर्मिनल बसवलं, तिथून वीतभर लांबीची जाड वायर थेट अर्थ बारला. पुन्हा पिना लावल्या. मीटर वाजला.

मग आठही टर्मिनलं चढवली. खिडक्या हिरव्याच होत्या. त्यांना काय, त्या कालही हिरव्याच होत्या.