मुक्कामी गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

१ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली. २०२२ साली त्याच तारखेला विजेवर चालणारी पहिली 'शिवाई' सुटली, तीही याच मार्गावर. एसटीची दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळासुद्धा आपल्या पुण्याला लागूनच. पुणेकरांना याचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो. आज मात्र बोलायचंय ते एका साध्या लाल गाडीबद्दल. संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवरून सुटते, भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या आडगावात रात्रभर उभी राहते आणि पहाटे तिथूनच परत फिरते. आपण तिला मुक्कामी गाडी म्हणतो.

ही गाडी गावात पोचते तेव्हा अंधार झालेला असतो. देवळापुढच्या मोकळ्या जागेत ड्रायव्हर ती वळवून तोंड रस्त्याकडे करून लावतो. कंडक्टर दिव्याखाली बसून दिवसाची रोकड मोजतो, वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, ताळा जुळवतो. कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येतं. मग दोघं गाडीतच नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत पाठ टेकतात. पहाटे इंजिन सुरू झालं की त्या आवाजावर अख्खं गाव उठतं. कुणाचं दूध, कुणाची मेथीची गाठोडी, पुण्याला ससून हॉस्पिटलात तपासायला निघालेली म्हातारी, बारावीची पोरं. रात्री जेमतेम सात-आठ जणांना घेऊन आलेली ती गाडी सकाळी उभं राहायलाही जागा नसल्यासारखी निघते.

इथंच हिशेबाची गफलत होते. एसटीत प्रत्येक फेरीचं भारमान काढतात, म्हणजे किती जागांपैकी किती जागा भरल्या ते. संध्याकाळच्या फेरीचं भारमान कमीच दिसणार, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री पहिली तिच्यावर चालणार. पण संध्याकाळची गाडी गावात गेलीच नाही, तर सकाळी गावातून निघणार कोणती? ही जोडफेरी आहे. तिच्या दोन्ही बाजू एकत्र मोजायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट तर कोणत्याच भारमानात धरली जात नाही. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंतच्या शिक्षणासाठी एसटीचा मोफत पास मिळतो. फार चांगली योजना आहे. पण गाडीच नसेल तर तो पास दाखवायचा कुणाला? दहावीनंतर मुलीला तालुक्याला पाठवायचं की नाही, हे घरात ठरतं तेव्हा आई एकच विचारते, परत यायला गाडी आहे का? साडेपाचची गाडी आहे म्हटलं की प्रवेश घेतला जातो. ती बंद झाली की मुलीचं कॉलेज सुटतं, आणि त्या सुटलेल्या कॉलेजची नोंद कुठल्याच आगारात होत नाही.

वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, आहे की, असं काही जण म्हणतात. आहे, आणि अडीअडचणीला तेच धावून येतं, हे नाकारून चालणार नाही. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा गावोगावच्या लोकांना वडापाचाच आधार होता. पण जीप भरेपर्यंत सुटत नाही, पावसाळ्यात रात्री घाट चढायला कुणी सहसा तयार होत नाही आणि तिथं पास चालत नाही. एसटी दोन माणसं असली तरी वेळ झाली की निघते. सरकारी पाठबळ असलेल्या सेवेकडून लोकांना हवं असतं ते नेमकं हेच.

पैशाचंही बोलू. मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. या सवलतींची रक्कम राज्य सरकारनं एसटीला भरून द्यायची असते. ती वेळेवर मिळाली तर डिझेल आणि सुट्या भागांसाठी आगाराला हात आखडता घ्यावा लागत नाही. दुसरीकडे प्रत्येक तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारकडेच जातो. शिवनेरीसारख्या चांगल्या चालणाऱ्या गाड्यांच्या कमाईवर खेड्यातल्या फेऱ्या तगवायच्या, ही एसटीची जुनी रीत. फायद्याच्या मार्गांवर खासगी गाड्यांची गर्दी झाल्यावर ती रीत एकटी पुरणार नाही. आडगावच्या फेऱ्यांसाठी सरकारनं वेगळी तरतूद करावी. शाळेचं आणि आरोग्य केंद्राचं नफा-नुकसान आपण विचारत नाही, तसं या फेरीचंही विचारू नये.

तुमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली असेल, तर नुसती तोंडी तक्रार करू नका. ग्रामसभेत ठराव करा आणि तो आगार व्यवस्थापकांना लेखी द्या. कोणत्या वाडीतून किती मुलं-मुली जातात, त्यांच्या शाळा-कॉलेजच्या वेळा काय, गाडी वळवायला जागा कुठं आहे, चालक-वाहकांना झोपायला खोली आणि वापरायला स्वच्छतागृह गाव देणार का, हे सगळं त्यात लिहा. वाटेवरच्या दोन-चार गावांनी मिळून अर्ज केला तर अधिक बरं. आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ मागताना शेवटचा तास संपल्यावर निदान अर्धा तास सोडून मागा, कारण कॉलेजपासून स्टँडपर्यंत मुलींना चालत यायचं असतं.

नमस्कार.