चार कंपन्या, एक घाट

(दृश्य : टेबलावर चार डबे ओळीत. कॅमेरा एकेका डब्याच्या टोकाशी थांबतो.)

पुण्यात मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या घरात डब्यांचं मूळ गाव विचारा. एक सेट मुलीनं न्यू जर्सीहून येताना आणलेला, तो बाकमनचा. दोन डबे भाच्यानं म्युनिकहून पाठवले, ते रोकोचे. मावसभाऊ इंग्लंडला होता तेव्हाचं हॉर्नबीचं इंजिन. शिवाय कुणाच्या तरी माळ्यावरून खाली आलेली एक जुनी अमेरिकन वाघीण, म्हणजे मालडबा. सगळं एकाच रुळावर बसतं, कारण मॉडेलचं माप एचओ (खऱ्याच्या ८७ पट लहान) काय आणि ब्रिटिश डबल-ओ काय, दोन्हींच्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटरच. पण रुळावर बसणं वेगळं आणि एकामागे एक धावणं वेगळं. त्यासाठी टोकांची जोडणी, म्हणजे कपलिंग, जुळायला हवं.

आता ही टोकं बघा. हॉर्नबीला पुढे आडवी दांडी आणि वर हुक. दोन गाड्या भिडल्या की एकीचा हुक दुसरीच्या दांडीवर चढतो. याचं नाव टेन्शन-लॉक. रोकोच्या डब्याला हुक आणि त्यावर उचलला जाणारा लूप. जुन्या वाघिणीला प्लॅस्टिकचं हॉर्न-हुक. आणि बाकमनच्या नव्या सेटला नकल कपलिंग, अर्धवट वळलेल्या मुठीसारखं. ही एकमेकांत अडकत नाहीत. दोऱ्यानं बांधून गाडी ओढणारेही आम्हाला भेटले, पण पहिल्या सांध्यावर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, ती गाडी घसरते.

(दृश्य : पुणे स्टेशन. दोन डब्यांमधली जोडणी जवळून.)

खऱ्या रेल्वेतही हा प्रश्न आहेच. चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या आयसीएफ डब्यांना स्क्रू कपलिंग आणि बाजूला बफर. जर्मन रचनेच्या नव्या एलएचबी डब्यांना मधोमध एकच कपलिंग, सीबीसी. डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेय, २०२२ मध्ये ती एलएचबीची झाली आणि तिची जोडणीही बदलली. रेल्वे हे दोन प्रकारचे डबे सहसा एका गाडीत मिसळत नाही, अख्खा रेक, म्हणजे डब्यांची पूर्ण माळ, एका जातीचा ठेवते. मॉडेलवाल्यांनी पहिला धडा इथूनच घ्यावा. रोकोचे डबे आपापसांत छान जुळतात ना? मग त्या आतल्या जोडण्यांना हातच लावू नका. वळणावर डब्यांमधलं अंतर आपोआप वाढवणारी यंत्रणा त्यांच्या खाली असते, ती त्यांच्याच कपलिंगवर नीट चालते. बदलायची ती फक्त रेकची दोन टोकं. म्हणजे कुठलंही इंजिन येऊन लागू शकतं.

टोकांना काय लावायचं? आमचं मत स्पष्ट आहे : नकल, आणि तेही शक्यतो केडीचं. कीथ आणि डेल एडवर्ड्स या अमेरिकन भावांनी काढलेली ही कंपनी. तिची कपलिंगं धातूची असतात आणि रुळाखालच्या चुंबकावर सुटतात. स्वस्त सेटमधल्या नकलमध्ये प्लॅस्टिकची स्प्रिंग असते, ती काही काळानं ढिली पडते आणि गाडी चढावर दोन तुकड्यांत विभागते. युरोपियन डब्याच्या टोकाला एनईएम नावाचा ठरावीक खाचा असेल, तर केडीचे १७, १८, १९ आणि २० हे चार नंबर त्यात खटकन बसतात. फरक फक्त लांबीचा, १७ सगळ्यांत आखूड. खाचा नसेल तर पाच नंबर, छोट्या डबीसकट, डब्याच्या तळाला स्क्रूनं बसवायचा. हा माल बहुतेक वेळा कुणाच्या तरी बॅगेतून येतो. तेव्हा नंबर सांगण्याआधी मोजमाप घ्या.

(दृश्य : कर्वेनगरमधलं घर. नात रुळाच्या तुकड्यावर मापाची पट्टी ठेवते.)

‘आजोबा, बसवलं मी. पण हे लागतच नाहीये.’

‘लागत नाहीये की सुटतंय?’

‘लागतं, आणि ओढलं की वर सरकून सुटतं.’

‘मग उंची बघ आधी. कपलिंग बिचारं ठीक आहे.’

आजोबांचं निदान बरोबर आहे. एचओमध्ये नकलचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे ९.९ मिलिमीटरवर असायला हवा. केडीचं माप रुळावर ठेवून डबा त्याला भिडवला की दोन्ही जबडे समोरासमोर येतात का, ते लगेच दिसतं. इथे नातीचा डबा जवळजवळ एक मिलिमीटर खाली आहे. ती बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा, स्क्रू काढते, डबा आणि बोगी यांच्यामध्ये पातळ वॉशर घालते, पुन्हा भिडवते. अजून थोडं खाली. आणखी एक वॉशर. डबा उलट जास्त उंच असता, तर बोगी टेकते ती गोल बैठक कानशीनं हलकेच घासावी लागली असती. आणि बैठक घासायची नसेल, तर दांडी वर किंवा खाली वळवलेली कपलिंगंही मिळतात.

कपलिंगच्या खाली लोंबणारी ती बारीक तार पाहिलीत? चुंबक तिलाच ओढतो. ती रुळाच्या माथ्याच्या वर पाऊण मिलिमीटर हवी, त्याहून खाली आली की सांध्यात अडकते आणि डबा उचलला जातो. बारीक पक्कडीनं एकदा वाकवली की झालं. डबीत तेल मात्र घालू नका. तेलाला धूळ चिकटते. ग्रॅफाइटची भुकटी वापरा.

हॉर्न-हुकवाल्या वाघिणीबद्दल आम्ही कठोर आहोत. ढकलताना ती कपलिंगं एकमेकांना बाजूला रेटतात आणि हलकी वाघीण रुळाबाहेर जाते. काढून टाका.

(दृश्य : वळणावरून जाणारा लांब डबा, वरून.)

लांबीचाही विचार हवा. आयसीएफ डबा एचओमध्ये सुमारे साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो, एलएचबी सत्तावीसचा. सेटबरोबर येणारं १८ इंच त्रिज्येचं वळण या डब्यांना फार आवळ आहे. डब्याच्या अंगाला बसवलेलं कपलिंग तिथे शेजारच्या डब्याला बाहेर खेचतं. जागाच नसेल, तर लांब डब्यांचं कपलिंग बोगीवर ठेवा. दिसायला जरा वाईट, पण गाडी धावते.

आता वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेचा एचओसाठी साधा हिशेब आहे : एक औंस, अधिक डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. आयसीएफच्या लांबीचा डबा म्हणजे साधारण १६५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवा. कमी भरला तर आतून फरशीला लोखंडी वॉशर चिकटवा, जितके खाली बसतील तितकं चांगलं.

(दृश्य : भोर घाट. गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं.)

पुण्यातल्या मॉडेलवाल्याला घाट करायचाच असतो. १९९८ मध्ये कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं, तिथे कित्येकांनी लहानपणी काचेला नाक लावलेलं. पण घाटाचं वेड त्याच्याही आधीचं, कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर वडापाव खाताना मागे बँकर लागलेले पाहिले तेव्हाचं. कर्जत ते लोणावळा ३७ ला एक, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, असा चढ. मॉडेलमध्ये तो उतरवायचा तर पुढे एक इंजिन आणि मागे दुसरं हवं. आणि इथेच कंपन्यांचं भांडण सुरू होतं. साध्या डीसी वीजपुरवठ्यावर रुळात तोच व्होल्टेज असताना हॉर्नबी एका वेगानं पळतं, बाकमन दुसऱ्या. मागचं जोरात असलं की मधली हलकी वाघीण वळणावर पापडासारखी वर उडते.

यावर उपाय डीसीसी, म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी पद्धत. प्रत्येक इंजिनात एक डीकोडर, म्हणजे तो हुकूम वाचणारं छोटं सर्किट, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. पण डीकोडर ही पहिली खरेदी नव्हे. आधी इंजिन डीसीवर रेंगाळत, न अडखळता चालायला हवं. उघडा, वाळलेलं ग्रीस काढा, चाकं पुसा, गिअर फिरवून बघा. मग मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावून, बारा व्होल्टवर चाकं क्षणभर धरून ठेवा. मोटर किती करंट खेचते ते बघा. एचओचे बरेच डीकोडर एक अँपिअरच्या आसपास झेपवतात. जुनी मोटर त्याच्या वर गेली, तर आधी मोटर बदला.

दुसरी मेख चासीत, म्हणजे इंजिनाच्या सांगाड्यात आहे. जुन्या इंजिनांत मोटरला वीज देणारा एक ब्रश बऱ्याचदा थेट धातूच्या चासीला टेकलेला असतो. तो तसाच ठेवून डीकोडर जोडला तर डीकोडर जळतो. ब्रश सुटा करा, आणि मोटरचं कुठलंही टोक ते चाक असं मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. तो गप्प राहिला पाहिजे. मगच सोल्डर : लाल आणि काळी तार रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी आणि पिवळी दिव्यांना, निळी दिव्यांची सामाईक. एलईडी लावलात तर एक किलोओमचा रेझिस्टर विसरू नका. तारा, श्रिंक ट्यूब, रेझिस्टर, सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतं.

मार्क्लिनचं जुनं इंजिन कुणी प्रेमानं दिलं तर त्याला वेगळा रूळ द्या. त्याची पद्धत तीन रुळांची, चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. आपल्या दोन रुळांवर ठेवताक्षणी शॉर्ट होईल.

(दृश्य : स्टॉपवॉच. दोन इंजिनं, एकामागे एक, न जोडता.)

उरला वेग. नवा डीकोडर क्रमांक तीनवर येतो, तो आधी बदला, नाहीतर दोन्ही इंजिनं एकाच हुकमावर धावतील. डीकोडरमधल्या सेटिंगना सीव्ही म्हणतात. सीव्ही दोन म्हणजे सुरुवातीचा धक्का, पाच म्हणजे कमाल वेग, सहा म्हणजे मधला. रुळावर दोन मीटरच्या खुणा करा. ताशी ४० किलोमीटरची एचओ गाडी हे अंतर सुमारे १६ सेकंदांत कापते. दोघांतलं जे मंद, ते प्रमाण धरा आणि वेगवान इंजिनाला खाली आणा, उलट नाही. घाटासाठी मागचं इंजिन केसभर हळूच ठेवा. आणि ही सगळी मोजणी मोटर तापल्यावर करा. थंड इंजिनावर जुळवलेला वेग दहा मिनिटांत बदलतो, मग घाटातल्या मंकी हिलच्या वळणावर पोचेपर्यंत पुन्हा सीव्ही पाच उघडायची वेळ येते.