दोन पांढऱ्या पावडरी आणि पोटातलं अ‍ॅसिड

ह्या दोन पांढऱ्या पावडरी बघा. एक बेरियम सल्फेट, दुसरी बेरियम कार्बोनेट. पाण्यात टाकून कितीही ढवळा, दोन्ही तळाशीच बसतात. पण पहिली पेशंटला ग्लासभर पाजतात, जठराचा एक्स-रे काढायचा असला की, बेरियम मील म्हणतात ते हेच, आणि दुसरी उंदीर मारायला वापरायचे.

विरघळलेला बेरियम विषारीच. सल्फेट पिऊन काही होत नाही कारण ते विरघळतच नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम, बाकी सगळं आलं तसं बाहेर जातं. कार्बोनेटही पाण्यात लिटरला पंचवीसेक मिलिग्रॅमच विरघळतं, मग ते का मारतं?

कारण पोटात नुसतं पाणी नसतं, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. अविद्राव्य क्षार म्हटला तरी त्याचा अगदी थोडा भाग सतत विरघळत असतो आणि तेवढाच परत घट्ट होत असतो. आता इथे कार्बोनेट आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, सुटला रे सुटला की अ‍ॅसिडमधले हायड्रोजन आयन त्याला पकडतात, कार्बोनिक अ‍ॅसिड होतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, बेरियमला परत घट्ट व्हायला जोडीदारच उरत नाही, म्हणून आणखी कार्बोनेट विरघळतं, आणि अ‍ॅसिड पुरलं तर सगळी पावडर संपेपर्यंत हे चालू राहतं. संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडून डाग पडतो तोही असाच. सल्फेट मात्र सल्फ्युरिकसारख्या स्ट्राँग अ‍ॅसिडचा आयन, त्याला हायड्रोजनची फारशी ओढ नसते, त्यामुळे जठरातलं अ‍ॅसिड त्याचं काही बिघडवू शकत नाही.

२००३ मध्ये ब्राझीलमध्ये एक्स-रेसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटच्या औषधात कार्बोनेट निघालं. साध्या तपासणीला गेलेली वीसहून जास्त माणसं दगावली. उलट्या, जुलाब, मग हातपाय लुळे, हृदयाचे ठोके बिघडलेले, कारण बेरियममुळे पोटॅशियम पेशींच्या आतच अडकतं आणि रक्तातलं एकदम खाली येतं. फार जीव तुटतो हे वाचताना, कारण ही भेसळ पाण्यात ढवळून दिसत नाही पण पातळ अ‍ॅसिड टाकलं की कार्बोनेट फसफसतं, शाळेच्या लॅबमधली टेस्ट आहे ही.

अशा विषबाधेत लगेच तोंडावाटे सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट देतात. पोटात सुटलेल्या बेरियमला सल्फेट मिळालं की परत तेच बेरियम सल्फेट बनतं, अ‍ॅसिडला न जुमानणारं. जो बेरियम आधीच रक्तात गेलाय त्याच्यावर हा उपाय चालत नाही, तिथे सलाइनमधून पोटॅशियम द्यावं लागतं, आणि तेही वेळेत.