नुसतं येऊन बसा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'फुटबॉल प्रशिक्षकांच्या आरोग्यासाठी नियम हवेत'. नियमांकडे मी येणारच आहे. पण आधी एका माणसाबद्दल बोलतो. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय माझी गाडी नियमांपर्यंत पोचत नाही.

सर्बियाचा सिनिशा मिहायलोविच, आधी खेळाडू, मग प्रशिक्षक. इथे सगळे फुटबॉल पाहणारे बसलेत, तेव्हा त्याच्या डाव्या पायाचं कौतुक मी करायला नको. तरी राहवत नाही. डिसेंबर 1998. इटलीच्या लीगमध्ये लाझिओकडून साम्पदोरियाविरुद्ध एका सामन्यात तीन गोल, आणि तिन्ही फ्री किकवर! ती किक अडवायला भिंतीत उभं राहायची वेळ आलेल्या बचावपटूंना विचारा, तो बॉल ठेवून मागे सरकायला लागला की पोटात कसा गोळा यायचा.

हा माणूस जानेवारी 2019 मध्ये इटलीतल्याच बोलोन्या क्लबचा प्रशिक्षक झाला, तेव्हा संघ गुणतक्त्यात तळाच्या तिघांत होता, म्हणजे खालच्या विभागात जायच्या वाटेवर. हंगाम संपला तेव्हा दहावा. आता जरा श्वास घ्यायचा, तर जुलैमध्ये पत्रकारांसमोर बसून त्याला सांगावं लागलं की ल्युकेमिया झालाय. रक्ताचा कर्करोग. लगेच रुग्णालय, लगेच केमो.

25 ऑगस्टला नव्या हंगामाचा पहिला सामना, वेरोनाच्या मैदानावर. त्या संध्याकाळी तो चक्क टचलाइनवर, मैदानाच्या कडेला, उभा होता. डोक्यावर टोपी, मानेला पांढरी पट्टी, गालफडं आत गेलेली. केमोमध्ये पांढऱ्या पेशी तळाला जातात, साधा सर्दीखोकलासुद्धा जिवावर बेतू शकतो, आणि हा हजारोंच्या गर्दीसमोर उभा राहून ओरडतोय. सामना 1-1 बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी जगभर एकच शब्द: लढवय्या. मीही तोच म्हटला होता. आज म्हणणार नाही. का, ते सांगतो.

पण त्याआधी ती खिडकी. सप्टेंबरमध्ये बोलोन्याचा संघ ब्रेशात 3-1 असा मागे पडला होता, आणि तिथून 4-3 जिंकला. सामना संपवून खेळाडू घरी गेले नाहीत. बस थेट रुग्णालयावर नेली आणि त्याच्या खिडकीखाली उभे राहून त्याला हाका मारत राहिले. वर खिडकीत तो. हे दृश्य आठवलं की माझा आवाज अजून जड होतो. इथे माझी काही तक्रार नाही, कारण इथे संघ आजारी माणसाकडे गेला होता. आजारी माणसाला मैदानावर आणलं नव्हतं.

पुढे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं, तो परतला, अडीच वर्षं गेली. मार्च 2022 मध्ये पुन्हा उपचार घ्यावे लागणार, हे त्यानं स्वतःच सांगितलं, आणि सांगितलं बचावपटूच्या भाषेत. गडी निसटल्यावर मागून घसरत टॅकल करण्यापेक्षा तो निघायच्या आधीच त्याला गाठायचा, या वेळी असं खेळायचंय, अशा अर्थाचं तो बोलला. एप्रिलमध्ये त्याच्या गैरहजेरीत बोलोन्यानं मिलानच्या इंटरला 2-1 हरवलं. त्या वर्षी इंटरचा लीगचा किताब दोन गुणांनी हुकला, म्हणजे हा पराभव त्यांना केवढ्याला पडला बघा. आणि खेळाडू पुन्हा खिडकीखाली!

मग नवा हंगाम. पाच सामने, तीन गुण. 6 सप्टेंबरला त्याला काढलं. 16 डिसेंबरला तो गेला. वय 53.

त्या काढण्यावर लोक संतापले, मीही संतापलो. आजारी माणसाला असं कोणी घालवतं का? पण मग मी स्वतःला विचारलं, तीन गुण घेऊन बसलेला धडधाकट प्रशिक्षक असता तर? त्याला काढल्यावर मी हूं की चूं केलं नसतं. म्हणजे मला त्याच्यासाठी न्याय नको होता, दया हवी होती. आणि मिहायलोविच दया घेणाऱ्यांतला नव्हता.

माझ्या मनात वर्षानुवर्षं घोळणारी गोष्ट ती हीच. प्रशिक्षक एकदा मोठ्या आजारातून उठला की त्याला साधा पराभव उरत नाही. तो हरला, तर आजारामुळे हरला. जिंकला, तर आजारावर मात करून जिंकला. बॉल पोस्टला लागून बाहेर गेला, एवढं साधं कारण त्याच्या वाट्याला येतच नाही.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे प्रशिक्षक जेरार उलिए घ्या. 13 ऑक्टोबर 2001, लीड्सविरुद्धचा सामना, हाफटाइमला छातीत दुखू लागलं. महाधमनीचा आतला पदर फाटला होता. रक्त त्या थरांत शिरतं, आणि मग हातात फार वेळ नसतो. क्लबच्या डॉक्टरनं 'सामना संपू दे, मग बघू' असं केलं नाही, तडक रुग्णालयात पाठवलं, म्हणून माणूस वाचला. शस्त्रक्रिया अकरा तास चालली. तोवर, आणि नंतर कित्येक महिने, संघ त्यांचा सहायक फिल थॉम्पसननं सांभाळला. 19 मार्च 2002 ला उलिए परतले, रोमाविरुद्ध. चॅम्पियन्स लीगमध्ये पुढे जायला दोन गोलांच्या फरकानं जिंकायचं होतं, 2-0 जिंकले. ते मैदानाशी दिसल्यावर अ‍ॅनफिल्डमध्ये, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, जो आवाज उठला, तो ऐकलेला माणूस विसरणार नाही.

आता पुढचं बघा. त्या हंगामात लिव्हरपूल दुसरं आलं. 2002-03 मध्ये पहिले बारा लीग सामने हरले नाहीत, अव्वल स्थानी होते. मग सलग अकरा सामन्यांत एकही विजय नाही, शेवटी पाचवे. आणि कुजबुज सुरू: ऑपरेशननंतर माणूस बदलला, खेळाडू चुकीचे घेतले, पूर्वीची नजर राहिली नाही. अहो, ज्याचं हृदय ठणठणीत आहे तोही चुकीचे खेळाडू घेतोच की! 2004 मध्ये त्यांना जावं लागलं. नेमकं कशामुळे बिघडलं, हे कोणालाच वेगळं करून दाखवता येणार नाही, आणि म्हणूनच कोणी त्याचं निदान करत बसू नये.

थोडं स्वतःचं सांगतो. मी एका संघाचा प्रशिक्षक होतो, त्या दिवसांत माझी अँजिओप्लास्टी झाली. अकराव्या दिवशी संघाच्या पदाधिकाऱ्यांचा फोन. आम्ही तेव्हा सलग चार हरलो होतो. ते म्हणाले, "सर, काही करू नका, नुसतं येऊन बसा. पोरांना धीर येईल." मी गेलो. अठराव्या मिनिटाला गोल बसला आणि मी उभा होतो. कधी उभा राहिलो, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की शर्टाच्या बाहीखाली मनगटाची पट्टी ओली झाली होती आणि बायको स्टँडमधून माझ्याकडे बघत होती, मैदानाकडे नाही. नुसतं बसणं नावाची गोष्ट डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या त्या बाकावर, नसते. इंग्लंडमध्ये सॅम अ‍ॅलार्डाइस आणि डेव्ह बॅसेट या प्रशिक्षकांना सामना चालू असताना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावून पाहिलं होतं. बाकावर बसलेल्या माणसाच्या आत काय चाललेलं असतं, ते तेव्हा लोकांना दिसलं. याच अ‍ॅलार्डाइसच्या हृदयावर 2009 मध्ये उपचार करावे लागले. आणि स्कॉटलंडचे प्रशिक्षक जॉक स्टीन तर 10 सप्टेंबर 1985 ला कार्डिफमध्ये, वेल्सविरुद्धच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत कोसळले. स्कॉटलंडला हवी होती ती बरोबरी मिळाली होती. स्टेडियममधल्याच उपचारांच्या खोलीत ते गेले. वय 62.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, आता नियम भराभर सांगतो, माफ करा.

पहिला. परत कधी यायचं हे डॉक्टर ठरवेल, आणि तो डॉक्टर क्लबच्या पगारावरचा नसावा. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला खेळाडू महिनोन्‌महिने बाहेर बसतो, त्याला कोणी 'नुसतं ये' म्हणत नाही. प्रशिक्षकाला मात्र म्हणतात, आणि संघ जितका खाली तितकं लवकर म्हणतात. हे उलटं आहे.

दुसरा. करारातच लिहा, की आजारपणात संघ कोण सांभाळेल आणि किती काळ. थॉम्पसनला त्या महिन्यांत संघ सांभाळता आला, म्हणून उलिएंना अंथरुणात पडून राहता आलं. बोलणी अगोदर करायची, रुग्णालयाच्या व्हरांड्यात नाही.

तिसरा. दरवर्षी हृदयाची तपासणी. इंग्लंडमध्ये प्रशिक्षकांच्या संघटनेनं सभासदांसाठी तपासण्या सुरू केल्या, पण ऐच्छिक तपासणीला कोण जातं? ज्याला काही झालेलं नाही तो. सलग सहा हरलेला माणूस तपासणीला जात नाही, त्याला भीती असते की तो कागद उद्या त्याच्याच विरुद्ध वापरतील. म्हणून अहवाल क्लबला द्यायचाच नाही, फक्त त्या माणसाला. यावर माझी आणखी दोन पानं आहेत, ती राहू देत.

मागच्या रांगेत बाईंनी मघापासून हात वर केलाय. तुमचा प्रश्न घेऊ या, बोला.