पंचगंगेकाठचा पर्सियस

[दृश्य: पंचगंगेचा घाट, पहाट. कॅमेरा हळूहळू ब्रह्मपुरीच्या टेकडीकडे वळतो.]

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर एक टेकाड आहे, ब्रह्मपुरी. १९४४-४५ साली प्राध्यापक कुंदणगार यांनी इथं खोदायला घेतलं आणि मातीखालून कांस्याच्या वस्तूंचा साठाच हाती लागला. पुढच्याच हंगामात डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित इथं उतरले. सातवाहनांच्या काळातली विटांची घरं उजेडात आली.

त्या साठ्यात काही वस्तू इथल्या नव्हत्याच. त्या थेट रोमन जगातून आलेल्या होत्या.

[दृश्य: कांस्याची गोल चकती, अगदी जवळून.]

ही त्यांतलीच एक. कांस्याची चकती, आणि तिच्यावर उठावात कोरलेला ग्रीक पुराणातला वीर पर्सियस, अँड्रोमेडाला सोडवणारा. रोमन कारागीर अशा चकत्या बहुधा पातळ पत्रा मागून ठोकून घडवत आणि मग भांड्याच्या किंवा आरशाच्या मधोमध डाक देऊन बसवत. आपला तांबट ज्या धीरानं ठोके घालतो, त्याच धीराचं हे काम. एक ठोका जास्त बसला तर पत्रा फाटणार.

गोष्ट अशी. राणी कॅसिओपियानं रूपाचा गर्व केला. समुद्रदेव पोसायडन कोपला, त्यानं राज्यावर समुद्री राक्षस सोडला. त्याला शांत करायला राजकन्या अँड्रोमेडाला खडकाला बांधलं. मेडुसा म्हणजे जिच्याकडे पाहणारा दगड व्हायचा ती राक्षसीण. तिचं मुंडकं घेऊन परतणाऱ्या पर्सियसनं अँड्रोमेडाला पाहिलं, राक्षसाला मारलं आणि तिला सोडवलं. पाँपेईतल्या एका भिंतीवरच्या चित्रात तो तिचा हात धरून तिला खडकावरून उतरवतोय. मेडुसाचं मुंडकं त्यानं पाठीमागे लपवलंय, अँड्रोमेडाची नजर त्यावर पडू नये म्हणून. पराक्रमापेक्षा मला ही काळजीच जास्त भावते.

[दृश्य: पोसायडनची मूर्ती.]

आणि गंमत बघा, ज्यानं राक्षस धाडला तो पोसायडनही ब्रह्मपुरीच्या त्याच साठ्यात सापडला! वीतभरही नसलेली मूर्ती. त्रिशूळ धरायला हात उचललेला आहे, त्रिशूळ मात्र केव्हाच हरवलाय. समुद्राचा देव आणि त्याच्या राक्षसाला मारणारा वीर, दोघंही सह्याद्रीच्या अलीकडे, एका नदीकाठी येऊन राहिले.

[दृश्य: पावसाळी समुद्र, शिडाचं गलबत.]

त्यांना आणलं कुणी? वाऱ्यानं. जुलैच्या सुमाराला इजिप्तच्या लाल समुद्राकाठच्या बंदरांतून गलबतं निघायची. आपण पावसासाठी ज्या वाऱ्याची वाट बघतो, तोच वारा त्यांच्या शिडांत भरायचा. पश्चिम किनाऱ्याला लागलेला माल पुढं घाटमाथ्यावर चढायचा. परतताना गलबतं मिरी, मलमल, हस्तिदंत घेऊन जायची.

धातूची वस्तू जुनी झाली की मोडीत जाते, वितळते, तिचं दुसरं काही होतं. ही चकती जमिनीखाली होती म्हणून वाचली.

[दृश्य: टाऊन हॉलची दगडी इमारत, मग रात्रीचं आकाश.]

ब्रह्मपुरीची कांस्यं आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. तिथून बाहेर पडलात तर डिसेंबरात रात्री आठच्या सुमाराला वर बघा. डोक्यावर अँड्रोमेडा, उत्तरेला कॅसिओपिया, ईशान्येला पर्सियस. मराठीत या तारकासमूहांची नावं आहेत देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती. ज्यानं कुणी ही नावं दिली, त्याला महाभारत नीट ठाऊक होतं. रागाच्या भरात शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं होतं. ययातीनं तिचा हात धरून तिला वर काढलं, आणि ज्यानं हात धरला त्यालाच तिनं वरलं. अँड्रोमेडाही पर्सियसचीच बायको झाली.

[दृश्य: आकाशातून कॅमेरा खाली येतो. काचेआड चकती. पर्सियस, अँड्रोमेडा. आवाज थांबतो.]