कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, ट्रकमधला माल नाही: आयर्लंडच्या सीमेची गोष्ट

डब्लिनहून बेलफास्टच्या बसमध्ये बसलात की तासाभराने रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसायला लागतात. बस्स, एवढंच. तुम्ही आयर्लंडमधून युनायटेड किंगडममध्ये, म्हणजे त्याचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये आलात. फाटक नाही, चौकी नाही, बस थांबतसुद्धा नाही. (भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा मात्र लागतो. कोणी विचारत नाही म्हणजे लागत नाही, असं नाही. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांनी हे नक्की लक्षात ठेवा.)

नमस्कार. ही सीमा सुमारे 500 किलोमीटर लांब आहे आणि तिला 200 पेक्षा जास्त रस्ते ओलांडतात. कुठे शेत एका देशात आणि गोठा दुसऱ्या देशात. गिनेस बिअर डब्लिनमध्ये बनते, टँकरने बेलफास्टला जाते, तिथे डब्यांत भरली जाते आणि परत दक्षिणेला येते. 2016 मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला, आयर्लंड मात्र संघातच राहणार होतं, आणि या शांत रेषेवर जकातीची सीमा येणार असं दिसायला लागलं. तेव्हा लंडनमधले बरेच नेते सांगत होते की काळजी नको, कॅमेरे आहेत, संगणक आहेत, सगळं अदृश्यपणे होईल. ते का झालं नाही, हे आज समजून घेऊ.

आधी मुलुंडला जाऊ. मी तिथलीच. जकात नाक्यावरची ट्रकची रांग बघतच मी मोठी झाले. चालक खाली उतरलेला, हातात कागदांची चळत, कोणीतरी ताडपत्री उचलून आत डोकावतंय. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द, सगळीकडे हेच चित्र. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ती रांग गेली. नाक्यावर कुठलं नवं यंत्र बसलं म्हणून ती गेली नाही. जकात हा करच रद्द झाला, मग नाक्यावर विचारायला काही उरलंच नाही.

आयर्लंडमध्येही तेच झालं होतं. तिथे कस्टमच्या चौक्या 1 एप्रिल 1923 ला सुरू झाल्या आणि 1 जानेवारी 1993 ला युरोपची एकसंध बाजारपेठ झाल्यावर बंद झाल्या. दोन्हीकडचे नियम एक झाले, म्हणून चौकी गेली. माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे, आणि नेमकी तीच त्या चर्चेत हरवली होती.

आता कस्टमवाला विचारतो तरी काय? माल कोणता, बनला कुठे, किंमत किती. ‘माल कोणता’ यासाठी एचएस कोड, म्हणजे त्या प्रकारच्या मालाचा ठरावीक क्रमांक असतो. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखेच, 1988 पासून. किंमत बिलावर असते. खरी गुंतागुंत आहे ती ‘बनला कुठे’ या प्रश्नात. समजा, इंग्लंडमधल्या घाऊक व्यापाऱ्याकडून डब्लिनच्या भारतीय दुकानात बिस्किटांचे खोके चाललेत. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात शून्य शुल्काचा करार आहे. पण तो ब्रिटिश किंवा युरोपीय मालासाठी आहे. बिस्किटं भारतात बनलेली असतील तर इंग्लंडच्या गोदामात चार महिने राहूनही ती ब्रिटिश होत नाहीत, आणि ती सवलत त्यांना मिळत नाही. आता सांगा, कोणता कॅमेरा हे ओळखेल?

कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, आणि उत्तम वाचतो. तो ट्रक कोणाचा, कधी आला, कुठल्या कागदाशी जोडलेला, हे क्षणात कळतं. एक्स-रे स्कॅनर त्याच्या पुढे जातो. खोक्यांमागे दुसरीच काही घनता असलेली वस्तू दडवली असेल तर दिसते. चोरटी सिगारेट, लपलेला माणूस, हे त्यात सापडतं. मी या यंत्रांना कमी लेखत नाही. पण स्वेटर कुठल्या देशात विणला, हे एक्स-रेत दिसत नाही. बीफ युरोपात बंदी असलेली संप्रेरकं दिलेल्या जनावराचं आहे का, तेही दिसत नाही. संगणकावरची नोंदही व्यापाऱ्यानेच भरलेली असते. यंत्र ती नोंद वेगाने पुढे पोचवतं, पण ती खरी आहे की नाही हे कोणीतरी ताडपत्री उचलूनच ठरवावं लागतं.

आणि हे फक्त पैशापुरतं नाही. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची भयंकर साथ आली. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये आयर्लंडच्या लाऊथ परगण्यात, सीमेलगत, एका कळपात रोग सापडला. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमार्गे बेकायदा आणलेल्या मेंढ्यांबरोबर तो बेटावर शिरला होता. ज्याने गोठ्यात खुरकूत बघितलंय, त्याला वेगळं सांगायला नको. मांस आणि जनावरं युरोपीय संघात शिरताना तपासणी नाक्यावर पशुवैद्य उभा असलाच पाहिजे, हा नियम कडक वाटतो खरा, पण त्याच्यामागे असे अनुभव आहेत.

[पडद्यावर: लाल आणि हिरव्या डिझेलच्या दोन बाटल्या]

तंत्रज्ञान सीमेवर हरतं कसं, हे बघायचं असेल तर या बाटल्या बघा. शेतीसाठीच्या डिझेलवर कर कमी असतो, म्हणून त्यात रंग घालतात. उत्तर आयर्लंडमध्ये लाल, दक्षिणेत हिरवा. ट्रकच्या टाकीत रंगीत डिझेल सापडलं की दंड. मग सीमेवरच्या टोळ्यांनी तो रंग धुऊन काढायला सुरुवात केली. कधी आम्ल वापरून, कधी रंग शोषून घेणारी माती वापरून. उरलेला विषारी गाळ रात्री रस्त्याकडेला टाकून द्यायचे आणि तो उचलण्याचं काम लाऊथच्या स्थानिक परिषदेवर पडायचं. 2015 मध्ये दोन्ही देशांनी मिळून धुवायला अवघड असा नवा रासायनिक खूणपदार्थ आणला. त्याने फरक पडला. पण तो टाकीत आहे का हे बघायला रस्त्यावर गाडी अडवून नमुना घ्यावाच लागतो.

हे आपल्याला नवीन नाही. रेशनचं रॉकेल निळं असतं ते याच कारणासाठी. 2006 मध्ये आपल्याकडेही रॉकेलमध्ये खूणपदार्थ घालायला सुरुवात झाली. तो धुऊन काढता येतो असं लक्षात आलं आणि तो बंद केला गेला. मग भेसळ शोधायचं काम परत माणसांवर आलं. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीत, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे इंधनाची भेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळलं गेलं. मला ही घटना कधी विसरता आलेली नाही. तपासणी म्हटलं की आपण यंत्र डोळ्यांपुढे आणतो. रस्त्यावर प्रत्यक्ष उभा राहणारा कोण, आणि त्याच्या पाठीशी कोण, हे आपण विचारत नाही.

आयर्लंडमध्ये हाच प्रश्न सगळ्यांत नाजूक होता. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात, 22 ऑगस्ट 1972 ला, सीमेजवळच्या न्यूरीच्या कस्टम ठाण्यात बॉम्ब फुटला आणि नऊ माणसं गेली. त्यांत बॉम्ब आणणारे तिघेही होते. 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर शांतता आली, सैन्याचे मनोरे उतरवले गेले. चौकी म्हणजे त्या लोकांसाठी नुसती कराची खिडकी नव्हे. कॅमेऱ्यालाही खांब लागतो, आणि खांबावर हल्ला झाला तर त्याच्या रक्षणाला पोलीस, पोलिसांच्या रक्षणाला सैनिक. म्हणूनच डिसेंबर 2017 मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ, दोघांनी लिहून दिलं की या सीमेवर कसलंही बांधकाम होणार नाही. सगळा वाद बदलला तो या एका कबुलीने.

‘नॉर्वे-स्वीडनसारखं करा’ असंही म्हटलं जायचं. ती सीमा 1,600 किलोमीटरहून लांब. दोन्ही देशांत 1959 पासून करार आहे, एका देशाचा कस्टम अधिकारी दुसऱ्या देशाचंही काम करतो. कागद आधीच संगणकावर, आडरस्त्यांवर कॅमेरे. जगात याहून नीट चालणारी कस्टम सीमा क्वचितच असेल. तरी स्विनेसुंडच्या सीमा नाक्यावर मालवाहू ट्रक थांबतात. कारण नॉर्वे युरोपच्या बाजारपेठेत आहे, पण जकात संघात (बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क) नाही. फरक उरला, तेवढी तपासणी उरली.

खर्चाचंही ऐका. मे 2018 मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन थॉम्पसन यांनी संसदीय समितीला सांगितलं की तंत्रज्ञानावर भर देणाऱ्या योजनेत उद्योगांना वर्षाला 17 ते 20 अब्ज पौंड भुर्दंड पडू शकतो. मोठ्या कंपन्या यासाठी माणसं ठेवतील. आठवड्याला दहा खोकी पाठवणाऱ्या दुकानदाराने काय करायचं?

शेवटी तपासणी समुद्रावर सरकली. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचे बरेच नियम पाळतं आणि ग्रेट ब्रिटनमधून (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स) येणारा माल लार्न आणि बेलफास्टच्या बंदरांत बघितला जातो. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्याही कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची भीती निर्माण झाली आणि काही दिवस खाण्याच्या मालाची तपासणी थांबवावी लागली. रेषा सरकली, पण तिथे उभं राहणाऱ्याची भीती तीच. ऑक्टोबर 2023 पासून, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या विंडसर करारानुसार, दोन मार्गिका आहेत. माल उत्तर आयर्लंडमध्येच राहणार असेल तर हिरवी, पुढे युरोपात जाऊ शकत असेल तर लाल. आणि कुठल्या मार्गिकेतून जायचं हे ठरतं व्यापाऱ्याच्या शब्दावर.

न्हावा शेवाला सीएचए (व्यापाऱ्यांच्या वतीने कस्टमचं काम बघणारे एजंट) म्हणून काम करणारे, कंटेनर स्कॅनरवर बसणारे, किंवा ई-वे बिल तपासणाऱ्या पथकाने रात्री दोन वाजता गाडी अडवलेले ट्रकचालक हा व्हिडिओ बघत असतील, तर खाली लिहा. स्कॅनरने ‘सगळं ठीक’ म्हटल्यावरही तुम्ही कंटेनर उघडायला लावलात, असं कधी झालंय का? आणि आत काय निघालं?