मृगाच्या बाणाखाली

नमस्कार श्रोतेहो. आज जेवण उरकलं की जरा गच्चीवर जा. थंडीत पूर्वेला वर आलेलं मृग नक्षत्र शोधा. पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण घरातलं कुणीही दाखवील. त्याच्या बाजूला बारीक ताऱ्यांची एक ओळ आहे. त्यातला मधला पुसट दिसतो. रंकाळ्यावर दिव्यांच्या उजेडात तो हरवतो, पण पन्हाळ्यावरून साध्या दुर्बिणीतूनही कळतं, की हा तारा नव्हेच. तो वायूचा ढग आहे, आणि त्याच्या पोटात आजही तारे जन्माला येताहेत.

जन्म बघायचा तर धूळ आड येते. आपले डोळे तिथं थबकतात. अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, मात्र त्या धुळीतून पार येतात. ते टिपायला जेम्स वेब दुर्बीण २०२१ साली निघाली आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन राहिली. तापलेली वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडते, म्हणून दुर्बीण थंड राहावी यासाठी तिच्यावर टेनिस कोर्टाएवढी पाचपदरी सावली धरलीय.

क्ष-किरणांची तऱ्हा निराळी. आपलं वातावरण ते अडवतं, म्हणून भारतानं २०१५ साली ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह वर पाठवला. शिवाय हे किरण आरशावर सरळ पडले तर आत घुसतात. चपटी खापरी तिरकी फेकली की तळ्यावर टप्पे घेत जाते ना, तसे ते आरशाला घासून वळवावे लागतात.

मला सर्वांत भावलं ते नारायणगावजवळचं खोडद, तिथं आकाशातल्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर रुंद. मी चकचकीत आरसा शोधत होतो. दिसली ती तारेची जाळी, पलीकडचं आभाळ दिसेल अशी! भोकं एक-दोन सेंटिमीटरची, आणि हायड्रोजनची रेडिओलहर २१ सेंटिमीटर लांब. तिच्या लेखी ती जाळी म्हणजे भिंतच. वारा आरपार जातो, लहर परत फिरते. दीर्घिकेतले, म्हणजे ताऱ्यांच्या एखाद्या प्रचंड समूहातले, तारे संपतात तिथून पुढंही हा हायड्रोजन दूरवर पसरलेला असतो, हे याच लहरींनी कळलं. मोबाइलच्या संदेशापुढं ती लहर अतिशय क्षीण.

कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी घडवलेल्या आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीणही पुणे जिल्ह्यातच, गिरवलीला आहे. दृश्य प्रकाशाचं काम तिचं.

अमावास्येच्या आसपास पन्हाळ्याला जाणार असाल, तर दुर्बीण सोबत घ्या. वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग मृगाकडं बघा. तोवर मोबाइल खिशातच राहू दे.